मिल कॉर्नर : गिरणी थांबल्यावर उरलेल्या नावाचे काय करायचे

छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर उतरून रिक्षावाल्याला 'मिल कॉर्नर' एवढेच सांगितले तरी पुरते. पोलीस आयुक्तालयाचा पत्ताही याच नावाने ओळखला जातो. नाव इतके रुळले आहे की त्यातल्या 'मिल' या शब्दाकडे कुणाचे लक्षच जात नाही. ही मिल कापडाची होती आणि शहरात रेल्वे येण्याआधी, एमआयडीसी येण्याच्या तर सत्तर वर्षांहून आधी, ती सूत काढत होती. हे तिथून रोज जाणाऱ्या बहुतेकांना माहीत नसते.

या लेखात मिल कॉर्नर हे एकच प्रकरण घेतले आहे. गिरणी थांबली, नाव उरले. आता त्या नावाला खरी माहिती कशी जोडायची, हा प्रश्न आहे. मराठवाड्यातल्या जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढणे आणि रुईच्या गाठी बांधणे), तेलगिरण्या, कापड गिरण्या आणि बंद साखर कारखाने असलेल्या कुठल्याही गावाला थोड्याफार फरकाने हीच पद्धत लागू पडेल. आमचे म्हणणे थोडक्यात असे : नाव आपोआप टिकते, पण ते फक्त पत्ता सांभाळते. तिथे कोणते काम चालायचे, ते कुणी केले आणि त्याची काय किंमत मोजली, हे वेगळे नोंदवावे लागते. आणि ती नोंद गिरणीत काम केलेली माणसे हयात असेपर्यंतच नीट होते.

शहराची औद्योगिक गोष्ट कुठून सुरू होते

शहराच्या उद्योगांवर बोलणे निघाले की सुरुवात रेल्वे स्टेशनमागच्या एमआयडीसीने होते, मग चिकलठाणा येते आणि १९८५ साली बजाज वाळूजला आल्यावर गोष्टीला खरा वेग येतो. ही गोष्ट चुकीची नाही, पण ती उशिरा सुरू होते.

१८८९ साली औरंगाबाद शहरात सूतकताई आणि विणकामाची गिरणी उभी राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या गॅझेटियरमध्ये तिथे ७०० माणसे कामाला असल्याची नोंद आहे. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली ती १९०० साली, म्हणजे गिरणीनंतर अकरा वर्षांनी. तोवर औरंगाबादला येणारा प्रवासी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या नांदगाव स्टेशनवर उतरून सुमारे ९० किलोमीटर टांग्याने येत असे. बॉयलर, शाफ्ट, रिंग फ्रेम (सूत कातण्याचे यंत्र), साचे (माग) अशी टनावारी वजनाची यंत्रे रेल्वे नसलेल्या शहरात कशी आणली असतील, हा प्रश्न या प्रकरणात आवर्जून विचारायला हवा. 'उद्योग रेल्वेमुळे आले' हे सरधोपट वाक्य इथे लागू पडत नाही.

रेल्वेने जे आणले ते जिनिंग आणि प्रेसिंग. मार्ग सुरू झाल्यावर जालन्यात ९ जिनिंग कारखाने आणि ५ प्रेस झाले. औरंगाबादला आणि कन्नडला जिन सुरू झाले, औरंगाबादला तेलाचा एक घाणाही आला. १९०१ साली जिल्ह्यातल्या जिन-प्रेसमध्ये मिळून १,०१६ माणसे कामाला होती. म्हणजे एका कापड गिरणीतली ७०० माणसे आणि साऱ्या जिन-प्रेसमधली हजारभर. या आकड्यांवरून त्या काळच्या शहरात गिरणीचे वजन किती होते ते कळते. सातशे घरांचे वेळापत्रक एका भोंग्यावर चालत होते.

नाव, जागा, यंत्र, काम

एखाद्या जुन्या उद्योगाची आठवण किती शिल्लक आहे हे तपासताना चार गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्यात : नाव उरले आहे का, जागा ओळखता येते का, यंत्र दिसते का आणि ते काम येणारी माणसे आहेत का. या शहरात या चारही गोष्टींची हवी तशी उदाहरणे सापडतात, म्हणून अभ्यासाला ते चांगले आहे.

मिल कॉर्नरपासून पाणचक्की चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे नाव, जागा आणि यंत्र तिन्ही आहेत. काही किलोमीटरवरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर दळण कसे होत असे ते समोर दिसते. दळणारा मात्र नाही. खुलताबादच्या वाटेवरचे कागजीपुरा घ्या. गावाच्या नावातच धंदा आहे आणि हातकागदाचे काम अगदी थोडे का होईना, लोकांच्या हातात राहिले आहे. हिमरू या रेशीम-सुती कापडाचे उलटे झाले. विणकाम शहराच्या नावाने जगभर गेले, पण मागावर बसणारे हात बोटावर मोजण्याइतके आहेत. रेल्वे स्टेशनच्या बाजूची सिल्क मिल कॉलनी आणि मिल कॉर्नर या दोन ठिकाणी मुख्यतः नाव उरले. रंगार गल्ली, जिन्सी, सिल्लेखाना ही नावेही याच पंगतीतली आहेत, मात्र ती कारखान्याआधीच्या काळातली. त्यांना औद्योगिक यादीत घुसडू नये, वेगळा गट करावा.

ही तपासणी आधी करण्याचे कारण व्यवहारी आहे. यंत्र उरले असेल तर पैसा आणि मेहनत जतनावर लागते. काम उरले असेल तर कारागिरांवर लागते. फक्त नाव उरले असेल तर सगळा जोर कागद आणि माणसांच्या आठवणींवर द्यावा लागतो. अशा ठिकाणी गंजलेले एखादे चाक कुठून तरी आणून चौकात उभे केले जाते. ते चाक त्या गिरणीचे नसते आणि लोक पुढे तेच खरे मानतात. असे करू नये.

आधी गिरणी नक्की करा

पहिली चूक विचारण्यातच होते. 'इथे गिरणी कुठे होती?' असे आज कुणाला विचारले तर तो पिठाची गिरणी दाखवतो. 'मिल' म्हटले तर दाल मिल, ऑइल मिल, सॉ मिल यांपैकी काहीही निघते. शहरात कापड मिल होती तशी सिल्क मिलही होती, आणि दोन्हींच्या आठवणी एकमेकींत मिसळतात. म्हणून प्रश्न कामावरून विचारावा : सूत निघायचे का कापडही? कापूस कुठून यायचा, रेशीम होते का? भोंगा किती वाजता व्हायचा? तुम्ही कोणत्या खात्यात होता? 'रिंग', 'साचा', 'कांजी' (सुताला लावायची खळ), 'ब्लो रूम' (कापूस मोकळा आणि साफ करण्याचे खाते) यांपैकी एक शब्द जरी आला तरी माणूस कापड गिरणीतलाच आहे हे पक्के होते. 'सरकी', 'पत्री', 'गाठ' हे शब्द आले तर बहुधा जिनिंग-प्रेसिंगची आठवण आहे; ती टाकून देऊ नये, वेगळ्या वहीत घ्यावी.

दुसरी गोष्ट अधिकृत नावाची. एकच गिरणी वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या नावांनी कागदावर येते. केंद्र सरकारच्या १९७४ च्या राष्ट्रीयीकरण कायद्याने देशातल्या १०३ आजारी कापड गिरण्या सरकारकडे गेल्या. १९६८ साली स्थापन झालेल्या नॅशनल टेक्सटाइल कॉर्पोरेशनकडे (एनटीसी) त्यांचा कारभार आला. औरंगाबादची गिरणी त्यात होती. तेव्हापासूनच्या कागदांवर 'औरंगाबाद टेक्सटाइल मिल' आणि 'एनटीसी' ही नावे दिसतात, त्याआधीच्या कागदांवर 'औरंगाबाद मिल' दिसते. कामगार मात्र शेवटपर्यंत नुसते 'मिल' म्हणत राहिले.

नांदेडमध्ये हा बदल जास्त ठळक झाला. तिथली गिरणी सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाने 'उस्मानशाही मिल' म्हणून उभी राहिली आणि राष्ट्रीयीकरणानंतर 'नांदेड टेक्सटाइल मिल' झाली. एकाच घरात आजोबा 'उस्मानशाही' म्हणतात, मुलगा 'एनटीसी' म्हणतो आणि नातवाला दोन्ही वेगळ्या गिरण्या वाटतात. नावांची यादी करताना म्हणून एका गिरणीला एकच ओळ द्यावी आणि तिच्यापुढे सगळी नावे काळासकट लिहावीत : कागदावरचे, फलकावरचे, लोकांच्या तोंडचे.

शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले. त्यामुळे एक प्रश्न हमखास येतो : जुन्या गिरणीचे नाव कसे लिहायचे? संस्थेचे नाव ती जशी नोंदली गेली तसेच लिहावे आणि ठिकाण आजच्या नावाने सांगावे : 'औरंगाबाद टेक्सटाइल मिल, छत्रपती संभाजीनगर'. कुणाच्या सेवापुस्तकावर, पीएफच्या कागदावर जे नाव आहे ते बदलून लिहिले तर उद्या त्याच माणसाच्या वारसाला कागद शोधता येणार नाही. मुख्य कारण हेच आहे. भावनेचे प्रश्न त्यानंतर.

कागद : फसली साल आणि हाली रुपया

१९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. याचा सरळ परिणाम असा की गिरणीच्या पूर्वार्धाचे सरकारी कागद हैदराबादकडे आणि बरेचसे उर्दूत आहेत. उत्तरार्धाचे मुंबई, जिल्हाधिकारी कार्यालय, भूमी अभिलेख आणि एनटीसीच्या दप्तरात. फक्त मराठी-इंग्रजी वाचणारा गट असेल तर त्याची गोष्ट नकळत १९५६ पासून सुरू होते. गटात उर्दू हस्ताक्षर, त्यातही शिकस्ता हे घाईचे, मोडके वळण वाचणारा माणूस पहिल्या दिवसापासून हवा. शहरात अशी माणसे आहेत. जुन्या मोहल्ल्यांतले निवृत्त शिक्षक, वकिलांचे मुन्शी यांच्याकडे विचारावे.

निजामकालीन कागद हातात आला की दोन ठिकाणी हमखास चूक होते.

एक, साल. हैदराबादचे फसली वर्ष (शेतसाऱ्याच्या हिशेबाचे सरकारी वर्ष) साधारण ६ ऑक्टोबरला, आझर महिन्यात सुरू होई. त्यापुढे दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर आणि आबान. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखेसाठी फसली सालात ५९० मिळवायचे, जानेवारी ते सप्टेंबरसाठी ५९१. समजा, हजेरीपत्रकावर 'तीर १३५४ फ.' असे आहे. तीर हा आठवा महिना, म्हणजे मे. १३५४ मध्ये ५९१ मिळवले की १९४५ येते. कागद मे १९४५ चा. सरसकट ५९० मिळवणाऱ्याने तो १९४४ चा ठरवला असता आणि युद्धाच्या काळातल्या मजुरीचा हिशेब एक वर्षाने मागे सरकला असता. मुंबई आणि मद्रास इलाख्यांतले फसली वर्ष वेगळ्या महिन्यात सुरू होते, म्हणून तिकडचे कोष्टक इथे वापरू नये.

दोन, पैसा. हैदराबाद राज्याचे स्वतःचे चलन होते. लोक त्याला हाली म्हणत आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब चाले. पगारपत्रकावर महिना २१ रुपये दिसले आणि ते हाली असतील, तर मुंबईच्या गिरणी कामगाराच्या पगाराशी तुलना करताना ते १८ रुपये धरावे लागतील. कागदावर 'हाली' की 'कलदार' हे लिहिलेले नसेल तर आकडा जसा आहे तसा नोंदवावा, रूपांतर करू नये. अंदाजाने केलेले रूपांतर पुढचा माणूस मूळ आकडा समजतो.

कापसाच्या वजनाबाबतही अशीच सावधगिरी हवी. व्यापारात खंडी म्हणजे ७८४ पौंड, म्हणजे सुमारे ३५६ किलो. जुनी गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे अर्ध्या खंडीची, सुमारे १७८ किलो. आजची प्रमाण गाठ १७० किलोची. 'गिरणीला दिवसाला इतक्या गाठी लागायच्या' असे कुणी सांगितले तर कोणत्या काळातले ते विचारून मगच किलोत लिहावे.

सरकारी दप्तराइतकेच घरातल्या ट्रंकेतले कागद मोलाचे असतात : पीएफची स्लिप, ईएसआयचे कार्ड, पाळीचा पास, पितळी बिल्ला, युनियनची पावती, ग्रॅच्युइटीचा हिशेब, स्वेच्छानिवृत्तीचे पत्र. एनटीसीच्या अनेक गिरण्यांमधले कामगार स्वेच्छानिवृत्ती योजनेतून बाहेर पडले. ते शेवटचे पत्र घरोघर जपलेले असते, कारण त्यावर मिळालेल्या रकमेचा हिशेब असतो. हे कागद मागून नेऊ नयेत. घरीच, खिडकीजवळ, उजेड एका बाजूने येईल असे ठेवून फोटो घ्यावा. बिल्ल्यावरचा नंबर उमटत नसेल तर उजेड तिरपा करावा, चॉक किंवा पावडर चोळू नये. आधार क्रमांक, बँक खाते, पीएफ क्रमांक झाकून प्रसिद्धीची प्रत वेगळी करावी.

माणसे : जोरात बोलणारे, कमी ऐकणारे

या कामाचा गाभा इथे आहे आणि सर्वांत जास्त बिघाडही इथेच होतो.

साचेखात्यात शेकडो माग एकदम चालतात. तो आवाज इतका असतो की शेजारच्या माणसाशी ओठांच्या हालचालीने आणि हाताच्या खुणांनी बोलावे लागते. वीस-तीस वर्षे तिथे काढलेल्या माणसाला ऐकू कमी येते. त्यामुळे सभागृहात दहा निवृत्त कामगार बोलावून माईकवर 'आठवणी सांगा' म्हटले की दोघे-तिघे बोलतात आणि बाकीच्यांना प्रश्नच कळलेला नसतो. मुलाखत एकेकट्याची, त्याच्या घरी, ज्या कानाने बरे ऐकू येते त्या बाजूला बसून घ्यावी. सकाळची वेळ बरी. पाऊण तासापेक्षा जास्त ताणू नये, परत जावे. कूलर आणि पंखा बंद केल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करू नये. मे महिन्यात हे शक्य नसते, म्हणून हे काम दिवाळी ते होळी या काळात ठेवावे. फोन घडी केलेल्या कापडावर, तोंडापासून हातभर अंतरावर ठेवावा आणि विमान मोडवर टाकावा. फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवू नये, तिथे आवाजाचा दर्जा घटू शकतो, केबलने उतरवावी.

भाषा त्यांची ठेवावी. शहरातले बरेच जुने कामगार दखनी (इकडची उर्दू बोली) बोलतात, काही मराठी, काही दोन्ही मिसळून. मुलाखत घेणाऱ्याने 'चाचा', 'खाला', 'मामा', 'आजी' जसे त्या घरात चालते तसे म्हणावे. लिहून काढताना दखनीचे शुद्ध मराठी करू नये. देवनागरीत जसेच्या तसे लिहावे आणि अर्थ खाली वेगळा द्यावा.

सालांची आठवण कुणाचीच नीट नसते आणि ती विचारून माणसाला अडचणीत टाकू नये. मराठवाड्यातल्या माणसाकडे काळ मोजण्याच्या स्वतःच्या खुणा आहेत. पोलीस ॲक्शनच्या (हैदराबाद संस्थानावरच्या लष्करी कारवाईच्या) आधी कामाला लागलात की नंतर? बहात्तरच्या दुष्काळात मिल चालू होती का, तेव्हा खेड्यातून नातेवाईक काम मागायला आले होते का? सरकारने मिल घेतली तेव्हा लग्न झाले होते का? किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी कामावर जात होता का? विद्यापीठाच्या नामांतराच्या वर्षी? या प्रश्नांनी १९४८, १९७२, १९७४, १९९३ आणि १९९४ अशा पाच खुंट्या मिळतात आणि माणसाची नोकरी त्यांच्यामध्ये बरोबर बसते.

पुढचे प्रश्न अंगाशी संबंधित असावेत, भावनेशी नव्हे. 'मिल बंद झाली तेव्हा कसे वाटले?' याचे उत्तर सगळ्यांचे एकच येते. त्याऐवजी : पाळी बदलताना जेवण कधी व्हायचे? धागा तुटला की तो जोडायला किती वेळ मिळायचा? किती साचे किंवा किती बाजू सांभाळायच्या? बदली कामगाराला गेटवर किती वेळ थांबावे लागे आणि काम मिळाले नाही तर तो दिवस कसा जाई? मुकादमाला काय द्यावे लागे? कांजी खात्यातली वाफ उन्हाळ्यात कशी सोसायची? बॉयलरला पाणी कुठल्या विहिरीचे?

एक प्रश्न विसरू नये : सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती जड व्हायची का? कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या विकाराची खूण हीच आहे. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी त्रास सर्वांत जास्त होतो, आठवड्यात कमी होतो आणि वर्षे गेली की मग रोजचाच होतो. ब्लो रूम आणि कार्डिंग (कापूस पिंजण्याचे खाते) या सुरुवातीच्या खात्यांत धूळ सर्वांत जास्त, म्हणून तिथल्या माणसांना हे आधी विचारावे. पुष्कळ घरांत याला 'दमा' किंवा 'बिडीचा खोकला' म्हटले गेले. गिरणीची आठवण लिहायची आणि हे वगळायचे, असे चालणार नाही.

बायकांना वेगळे विचारावे, तेही दोन अर्थांनी. काही स्वतः वाइंडिंगसारख्या (सूत गुंडाळण्याच्या) खात्यांत किंवा जिनमध्ये कामाला होत्या, पण घरातला पुरुष 'ती घरीच असायची' असे सहज सांगून टाकतो. आणि ज्या कामाला नव्हत्या त्यांना पगाराचा दिवस, किराणा दुकानाची उधारी, संपाच्या काळातले घर हे पुरुषांपेक्षा नेमके आठवते.

जागा नक्की करणे

'मिल इथपासून तिथपर्यंत होती' असे हात करून सांगितलेले प्रत्येकाचे वेगळे निघते, कारण कुणी कामगारांच्या गेटवरून आठवतो, कुणी ऑफिसच्या गेटवरून. सिटी सर्व्हेचा नकाशा आणि प्रॉपर्टी कार्ड काढून जमिनीची हद्द आधी आखावी. मग १९६०-७० च्या दशकांतली, आता खुली झालेली कोरोना या अमेरिकी हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रे पाहावीत. त्यांतल्या शेवटच्या कॅमेऱ्यांचे चित्र दोनेक मीटरपर्यंतचा तपशील दाखवते. कापड गिरणीचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असते, काचा उत्तरेकडे, म्हणजे उजेड येतो आणि ऊन येत नाही. वरून ते समांतर पट्ट्यांसारखे दिसते आणि गोदामापासून ओळखू येते. चिमणी स्वतः ठिपक्याएवढी असते, पण तिची सावली दिसते. चित्राची तारीख-वेळ माहीत असेल तर सूर्याची उंची काढून चिमणीची उंची अंदाजता येते. हा नकाशा मोठ्या कागदावर छापून मुलाखतीला न्यावा आणि त्यावर माणसाला स्वतः बोट ठेवून खाती दाखवू द्यावीत. आधी नकाशा दाखवून मग विचारू नये. आधी बोलू द्यावे, शेवटी नकाशा काढावा.

पाटी

एवढे झाल्यावरच चौकातल्या पाटीकडे वळावे. पाटी आधी लागली की शोध थांबतो.

मजकूर ऐंशी-नव्वद शब्दांपेक्षा जास्त नको. चौकात कुणी त्यापेक्षा जास्त वाचत नाही. आज खात्रीने एवढे लिहिता येते :

'मिल कॉर्नर. या चौकाला शहरातल्या कापड गिरणीवरून नाव पडले. औरंगाबाद शहरात सूतकताई आणि विणकामाची गिरणी १८८९ मध्ये उभी राहिली. रेल्वे त्यानंतर, १९०० साली आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरणीत ७०० माणसे काम करत होती. १९७४ मध्ये गिरणीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ती औरंगाबाद टेक्सटाइल मिल या नावाने चालली.'

यानंतर दोन वाक्यांची जागा मोकळी ठेवावी. खात्यांची नावे, पाळ्यांच्या वेळा, कामगार कोणत्या वस्त्यांत राहत हे मुलाखतींतून पक्के झाले की ती जागा भरायची. हाच मजकूर उर्दूतही हवा, कारण गिरणीचे जुने कागद आणि पुष्कळशा कामगारांची घरे त्या लिपीतली आहेत.

फलक एसीपी (ॲल्युमिनियमचा थर असलेल्या) शीटवर व्हिनाइल चिकटवून केला की मराठवाड्याच्या उन्हात रंग दोन-तीन वर्षांत उडतो आणि कडा सुटतात. पितळ चोरीला जाते. काळ्या ग्रॅनाइटची १८ ते २० मिलिमीटर जाडीची फरशी, २-३ मिलिमीटर खोल कोरलेली अक्षरे आणि त्यांत रंग, हे टिकते. दीड मीटरवरून वाचायचे तर मजकुराच्या अक्षराची उंची १५ मिलिमीटरच्या आसपास, शीर्षकाची ५०. देवनागरीत वेलांटी, रफार आणि उकार यांना जागा लागते म्हणून दोन ओळींतले अंतर अक्षराच्या उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवू नये. नाहीतर कोरणारा उकार पुढच्या ओळीत घुसवतो. कोरण्याआधी पूर्ण मापाचा कागदी छाप काढून दोन वेगळ्या माणसांकडून तपासून घ्यावा. दगडावरची चूक सुधारता येत नाही. पाटीचे तोंड शक्यतो उत्तरेला, खालची कड जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर, म्हणजे समोर गाडी लागली तरी मजकूर दिसतो.

उद्घाटकांची आणि पदाधिकाऱ्यांची नावे हवीच असतील तर ती चौथऱ्यावर, वेगळ्या दगडावर, लहान अक्षरांत घ्यावीत. कामगारांच्या पाटीवर ती नकोत. या मुद्द्यावर दबाव येतो, म्हणून परवानगीच्या अर्जासोबतच पाटीचा पूर्ण मजकूर आणि आराखडा जोडावा आणि ठराव त्याच मजकुरासह मंजूर करून घ्यावा. चौकाला पुढे कधी दुसरे नाव देण्याचा प्रस्ताव आला तरी हा ठराव कागदावर राहतो आणि 'जुने नाव : मिल कॉर्नर' हे नव्या फलकावर मागता येते.

मुलाखतींच्या मूळ फाइली, लिहून काढलेली प्रत, कागदांचे फोटो आणि नावांची यादी यांच्या तीन प्रती कराव्यात : एक विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे, एक सार्वजनिक ग्रंथालयात, एक गटाकडे. प्रत्येक मुलाखतीबरोबर सहीचे संमतीपत्र हवे; त्यात आवाज कुठे वापरता येईल आणि नाव द्यायचे की नाही हे दोन प्रश्न वेगळे असावेत. अनेकजण आवाज द्यायला तयार असतात, पण मुकादमाबद्दल किंवा युनियनबद्दल बोललेले नावासकट नको म्हणतात. ज्याने मुलाखत घेतली त्यानेच ती लिहून काढावी आणि ती प्रत महिन्याभरात मुलाखत देणाऱ्याच्या घरी नेऊन वाचून दाखवावी. यात खात्यांची नावे आणि माणसांची आडनावे दुरुस्त होतात, आणि बहुतेक वेळा तेव्हाच ट्रंकेतला आणखी एक कागद बाहेर येतो.